‘नाही’ म्हणायचा तास

अमेरिकेत प्रोजेक्टवर जाऊन आलेल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी तो टी-शर्ट पाहिला असेल. काळा कपडा, त्यावर भिंतीवर खरडल्यासारखी लाल अक्षरं : डी.ए.आर.ई. उच्चार ‘डेअर’. लांबलचक नाव ‘ड्रग अब्यूज रेझिस्टन्स एज्युकेशन’, म्हणजे अमली पदार्थांना विरोध करायला शिकवणारं शिक्षण. गंमत अशी, की शाळेत ज्यांना हा शर्ट मिळाला त्यांच्यातलेच कित्येक जण पुढे कॉलेजात तो थट्टा म्हणून घालायला लागले. आमच्या टीममधल्या एका सीनियरकडेही असा एक आहे. तो सेकंडहॅण्ड कपड्यांच्या दुकानातून आणलाय आणि टीमची पार्टी असली की हमखास बाहेर निघतो.

त्या शर्टामागे एक साधा प्रश्न आहे. सहावी-सातवीतल्या पोराला ‘नाही’ म्हणायला शिकवता येतं का? गणित शिकवतो तसं, तास घेऊन, सराव करून? गेले तीन वीकेंड मी याच विषयावरचे जुने पेपर वाचत बसलो होतो. मी काही मानसशास्त्राचा माणूस नाही. पण ज्या गोष्टीत हजारो शाळा, लाखो मुलं आणि चाळीस-पन्नास वर्षांचा डेटा आहे, ती गोष्ट इंजिनियरला स्वस्थ बसू देत नाही. शिवाय ही कहाणी नुसत्या पोरांची नाहीये. एखादी गोष्ट सगळ्यांना आवडते म्हणून ती चालते आहे असं आपण किती सहज मानतो, याचीही ती कहाणी आहे.

चला तर मग, सुरुवातीपासून.

शाळेत व्यसनाविरुद्ध धडे देण्याची कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप जुनी आहे. अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीतल्या बायकांनी, विशेषतः मेरी हंट या शिक्षिकेने, एकेका राज्याच्या विधिमंडळात जाऊन कायदे करवून घेतले. १८८२ साली व्हरमाँटपासून सुरुवात झाली आणि १९०१ पर्यंत देशातल्या प्रत्येक राज्यात शाळेतून दारू-तंबाखूचे दुष्परिणाम शिकवणं सक्तीचं झालं होतं. या पुस्तकांचा सगळा भर भीतीवर. आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर कवटी आणि हाडांची चित्रं रंगवलेली असायची ना, तोच खाक्या. माझ्या शाळेत तर दरवर्षी एक दिवस सगळ्यांना मैदानात उभं करून व्यसनमुक्तीची शपथ द्यायचे. शपथ संपली की मागच्या रांगेतली चार पोरं थेट गेटबाहेरच्या टपरीवर!

साठच्या दशकात अमेरिकेत तरुणांमध्ये गांजा, एलएसडी वगैरे पसरलं, तेव्हा सरकारने पुन्हा तोच उपाय काढला. माहिती द्या, घाबरवा. पत्रकं, फिल्मा, भाषणं यांचा पूर आला. शेवटी १९७३ साली अध्यक्षांनीच नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने (गांजा आणि अमली पदार्थांवरचा आयोग) शिफारस केली, की शाळांमधले हे कार्यक्रम तूर्त थांबवा आणि जे चालू आहेत त्यांचा उपयोग होतो का ते आधी तपासा. सरकारी आयोगाने ‘थांबा, आधी टेस्ट करा’ म्हणणं हा तसा दुर्मिळ योग :)

मग पर्याय काय? तो आला एका भलत्याच दिशेने. टूथब्रशकडून.

कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबलं, तेव्हा २१ अमेरिकन युद्धकैद्यांनी घरी परतायला नकार दिला आणि ते चीनमध्ये राहिले. देशभर खळबळ. आपल्या पोरांचं ‘ब्रेनवॉशिंग’ झालं कसं? विल्यम मॅकग्वायर नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने याचा वेगळा विचार केला. त्याचं म्हणणं असं, की ज्या समजुतीला कोणी कधी आव्हानच दिलेलं नसतं ती वरून भक्कम दिसते, पण आतून अगदी पोकळ असते. जंतूच कधी न पाहिलेल्या शरीरासारखी. तर मग लस का देऊ नये?

त्याने आणि डिमेट्रिओस पापाजॉर्जिस याने १९६१ मध्ये प्रयोग छापला. ‘प्रत्येक जेवणानंतर दात घासावेत’ यासारख्या, कोणीच कधी वाद न घातलेल्या समजुती निवडल्या. काही लोकांना त्या समजुतीच्या बाजूचे भरपूर मुद्दे दिले. बाकीच्यांना विरोधातला एखादा कमकुवत मुद्दा दिला आणि तो कसा खोडायचा ते दाखवलं. नंतर दोघांवरही जोरदार हल्ला केला : दात घासणं कसं वाईट, वगैरे. ज्यांना नुसतं ‘बरोबर, बरोबर’ ऐकवलं होतं ते गळपटले. ज्यांना आधी छोटा हल्ला आणि त्याचं उत्तर मिळालं होतं ते बऱ्यापैकी टिकून राहिले.

थोडक्यात, नुसतं पाठबळ देऊ नका, सराव द्या. व्यसनांच्या बाबतीत ही कल्पना उचलली ह्यूस्टन विद्यापीठातल्या रिचर्ड इव्हान्सने. सत्तरच्या दशकात त्याने सातवीतल्या मुलांना विचारलं, सिगारेट वाईट आहे हे माहीत आहे का? मुलांना सगळं माहीत होतं. कॅन्सर माहीत, हृदयविकार माहीत. पण बारा वर्षांच्या पोराला चाळीस वर्षांनंतरचा कॅन्सर म्हणजे दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट वाटते. त्याची खरी अडचण असते आज दुपारी, शाळेच्या मागे, मित्राने सिगारेट पुढे केल्यावर काय बोलायचं ही. म्हणून इव्हान्सने फिल्म बनवल्या. त्यांत मित्रांचा, जाहिरातींचा आणि घरातल्या मोठ्यांचा दबाव कसा येतो ते दाखवलं, आणि तो परतवायचा कसा तेही. दूरच्या आजारापेक्षा सिगारेटचा शरीरावर लगेच काय परिणाम होतो त्यावर भर दिला.

इव्हान्सची एक युक्ती मला फार आवडली. मुलं खरं सांगतात हे कशावरून? त्याने आधी एक फिल्म दाखवली, की थुंकीच्या तपासणीतून निकोटिन सापडू शकतं. मग थुंकीचे नमुने घेतले आणि त्यानंतर प्रश्नावली दिली. ‘हो, मी ओढतो’ म्हणणाऱ्यांची संख्या लगेच वाढली. म्हणजे या क्षेत्रात आधी मोजमाप दुरुस्त केलं गेलं आणि मग औषध. निकाल आशादायक होते, पण १९७८ च्या त्याच्या पेपरात एक मजेशीर काटा आहे. ज्या गटाला धडे नव्हते, फक्त वारंवार तपासलं होतं, त्यातही नव्याने सिगारेट ओढू लागलेल्यांचं प्रमाण जवळपास तितकंच कमी होतं. कोणीतरी बघतंय, एवढ्यानेही फरक पडत असावा.

पुढचं पाऊल स्टॅनफर्डच्या लोकांनी टाकलं. अल्फ्रेड मॅकअॅलिस्टर, शेरिल पेरी वगैरे मंडळींनी मोठ्या वर्गातल्या मुलांना सातवीच्या वर्गात शिकवायला पाठवलं. नाटुकली करायची. एक जण ‘भित्रट’ म्हणून चिडवणार, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, की तुझ्यावर छाप पाडायला म्हणून ओढली तर मग मी खरा भित्रट. प्रशिक्षण मिळालेल्या शाळेत बरीच कमी मुलं सिगारेटकडे वळली. प्रयोग लहान होता, पण दिशा सापडल्यासारखी वाटत होती. भाषण बंद, सराव चालू. शिकवणारा पोलीस किंवा डॉक्टर नाही, दोन वर्षांनी मोठा दादा किंवा ताई.

आणि इथेच गोष्ट वळण घेते.

१९८२ मध्ये ओकलंडच्या एका शाळेत एका मुलीने नॅन्सी रेगन यांना विचारलं, कोणी ड्रग्ज देऊ केले तर काय करायचं? त्या म्हणाल्या, सरळ ‘नाही’ म्हण. ही हकीगत खुद्द त्यांनीच पुढे अनेकदा सांगितली. तीन शब्दांची इंग्रजी घोषणा देशभर पसरली, शाळाशाळांतून तिच्या नावाचे क्लब निघाले. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी तिथल्या शिक्षण खात्याच्या साथीने डेअर सुरू केलं. पहिल्या वर्षी १० पोलीस आणि ५० प्राथमिक शाळा. गणवेशातला पोलीस वर्गात यायचा, १७ धडे घ्यायचा. गेट्स हे मवाळ गृहस्थ मुळीच नव्हते. १९९० मध्ये सिनेटच्या समितीपुढे ते म्हणाले होते, की अधूनमधून ड्रग्ज घेणाऱ्यांना गोळ्या घालायला हव्यात.

अभ्यासक्रम आला कुठून? दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम हॅन्सन आणि सहकारी त्याच सुमारास ‘स्मार्ट’ नावाचा प्रयोग करत होते. त्यात दोन वेगळे अभ्यासक्रम होते. एक दबाव ओळखून नकार द्यायला शिकवणारा, दुसरा भावना, आत्मसन्मान, ताणतणाव यांवर भर देणारा. प्रयोग अजून चालूच होता. डेअरने दोन्हींतले घटक उचलले, एकत्र केले आणि निघाले. नंतर हॅन्सन मंडळींचे आकडे आले तेव्हा दिसलं, की नकाराच्या अभ्यासक्रमाने थोडा फायदा झाला होता आणि भावनांच्या अभ्यासक्रमातल्या मुलांचं उलट जास्त बिघडलं होतं. पण तोवर डेअर ‘लाइव्ह’ गेलेलं होतं. बीटा व्हर्जन उचलून थेट प्रॉडक्शनला टाकल्यावर काय होतं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

जून १९८६ मध्ये लेन बायस हा बास्केटबॉलचा उगवता तारा कोकेनने गेला, बॉस्टन सेल्टिक्सने निवडल्यानंतर अवघ्या दोन दिवसांत. त्याच वर्षी काँग्रेसने अमली पदार्थांविरुद्ध मोठा कायदा केला आणि शाळांमधल्या अशा शिक्षणासाठी केंद्राचा पैसा वाहू लागला. डेअर बघता बघता अमेरिकेतल्या सुमारे तीन-चतुर्थांश शालेय जिल्ह्यांत पोचलं. आणि का नाही पोचणार? पालक खूश, कारण मुलं काहीतरी चांगलं शिकतायत. शिक्षक खूश, कारण आठवड्यातला एक तास मोकळा. पोलीस खूश, कारण मुलं पळून जाण्याऐवजी टाळी द्यायला येतात. राजकारणी खूश, कारण फोटो छान येतो. मुलंही खूश : शर्ट, स्टिकर आणि ‘डॅरेन’ नावाचा सिंह. फीडबॅक फॉर्म भरला तर पाचपैकी पाच!

फक्त एक गोष्ट फॉर्मवर नव्हती. ही मुलं पुढे ड्रग्ज कमी घेतात का?

१९९४ मध्ये सुझन एनेट आणि सहकाऱ्यांनी डेअरवरच्या आठ काटेकोर अभ्यासांची एकत्र छाननी छापली. ड्रग्जच्या वापरावरचा सरासरी परिणाम ०.०६ निघाला. आकडेशास्त्राची भाषा बाजूला ठेवली तर ‘जवळजवळ शून्य’. फक्त तंबाखूवर किंचित परिणाम दिसला. ज्या कार्यक्रमांत मुलं एकमेकांशी बोलतात, नाटुकली करतात, त्यांचा परिणाम डेअरच्या कितीतरी पट होता. १९९८ मध्ये इलिनॉयमधला सहा वर्षांचा अभ्यास आला. उपनगरी शाळांत डेअर झालेल्या मुलांचा ड्रग्जचा वापर उलट थोडा जास्त निघाला. १९९९ मध्ये डोनाल्ड लायनम यांनी केंटकीतल्या १,००२ जणांना सहावीनंतर दहा वर्षांनी, विसाव्या वर्षी गाठलं. डेअर झालेले आणि न झालेले यांच्यात फरक नाही. २००१ मध्ये सर्जन जनरलच्या युवक-हिंसाचारावरच्या अहवालाने डेअरला ‘उपयोग होत नाही’ या रकान्यात टाकलं. २००३ मध्ये काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही तेच सांगितलं.

आता आपल्यातला कोणीही म्हणेल, यात काय नवल? शिकवणारा चुकीचा, वय चुकीचं, पद्धत चुकीची. अंमलबजावणीतला बग आहे, डिझाइन ठीक आहे. इव्हान्स-स्टॅनफर्डवाली पद्धत जशीच्या तशी, नीट, भरपूर वर्षं राबवा, मग बघा.

नेमकं तेच एकांनी केलं. वॉशिंग्टन राज्यात हचिन्सन प्रकल्प झाला. १९८४ मध्ये सुरू, ४० शालेय जिल्हे, ८,३८८ मुलं. कोणत्या जिल्ह्याला शिकवायचं आणि कोणत्या नाही हे लॉटरीने ठरवलेलं. तिसरीपासून थेट दहावीपर्यंत दरवर्षी धडे, शिक्षकांना प्रशिक्षण, दबाव ओळखणं, नकाराचा सराव, सगळं पुस्तकाप्रमाणे. बारावीनंतरही दोन वर्षं पाठपुरावा, आणि ९४ टक्के मुलं शेवटपर्यंत शोधून काढली. (ज्यांनी कधी यूजर सर्व्हे केलाय त्यांनी या आकड्याला उभं राहून सलाम करावा.) २००० साली निकाल आला. बारावीत दोन्ही बाजूंची साधारण एक-चतुर्थांश मुलं रोज सिगारेट ओढत होती. फरक नाही.

हा पेपर वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. म्हणजे डिझाइनमध्येच काहीतरी राहून गेलं होतं. काय?

उत्तराचा धागा त्याच हॅन्सनच्या हातात होता, ज्याचा अर्धवट प्रयोग डेअरने उचलला होता. त्याने आणि जॉन ग्रॅहम यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या १२ शाळांत सातवीच्या मुलांचे चार गट केले. एकाला फक्त माहिती. दुसऱ्याला नकाराचं प्रशिक्षण. तिसऱ्याला एक वेगळीच गोष्ट : तुमच्या वर्गात किती जण पितात असं तुम्हाला वाटतं? आता निनावी पाहणीतला खरा आकडा बघा. चौथ्या गटाला दोन्ही. १९९१ मध्ये निकाल छापला. खरा आकडा कळलेल्या मुलांमध्ये दारू, गांजा आणि सिगारेट तिन्हींचं प्रमाण कमी झालं. नुसतं ‘नाही’ म्हणायला शिकलेल्यांमध्ये नाही.

असं का व्हावं? मला सुचलेलं देशी उदाहरण सांगतो. समजा, सहावीच्या वर्गात बाई आठवडाभर रोज सराव घेतायत : मित्राने गुटख्याची पुडी पुढे केली तर काय म्हणाल? दादाने बिडी दिली तर? लग्नाच्या वरातीत कोणी ग्लास पुढे केला तर? मुलं हुशार, उत्तरं पाठ. पण घरी जाताना एखादं पोर मनात काय हिशोब करेल? एवढी तयारी करून घेतायत म्हणजे सगळेच घेत असणार. मलाच अजून कोणी विचारलं नाही. मी मागे राहिलोय की काय?

हा नुसता तर्क नाही. स्टुअर्ट डोनाल्डसन, ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये छापलेल्या अभ्यासात सरकारी शाळांतल्या ज्या मुलांना फक्त नकाराचं प्रशिक्षण मिळालं होतं, त्यांचा ‘आजूबाजूला किती जण पितात’ याचा अंदाज वाढलेला सापडला. आणि नकाराचं कौशल्य कामी आलं ते पिणं मुळात गैर आहे असं वाटणाऱ्या मुलांच्याच. बरोबरच आहे. ज्याला नाही म्हणायचंच नाही, त्याला नाही कसं म्हणायचं हे शिकवून काय उपयोग? कौशल्य म्हणजे ब्रेक. ब्रेक दाबावासा वाटणं ही वेगळी गोष्ट, आणि ती ठरते ‘आपल्यासारखे बाकीचे काय करतात’ या अंदाजावर. तो अंदाज पोरांचा हमखास चुकतो, आणि नेहमी जास्तीच्या बाजूला. जो ओढतो तो कट्ट्यावर उभा राहून ओढतो, सगळ्यांना दिसतो. जे ओढत नाहीत ते घरी बसून गृहपाठ करत असतात. त्यांना कोण मोजणार?

या सगळ्या काळात बाकीचेही प्रयत्न चालूच होते. रँड संस्थेने कॅलिफोर्निया आणि ओरेगनमधल्या ३० शाळांत सातवी-आठवीला ‘अॅलर्ट’ नावाचा अभ्यासक्रम शिकवला. १९९० मध्ये निकाल आला तेव्हा सिगारेट आणि गांजा यांच्यावर चांगला परिणाम दिसला. मात्र आधीच सिगारेट ओढणारी मुलं उलट जास्त ओढू लागली, आणि धडे थांबल्यावर बाकीचा फायदाही हळूहळू विरला. कॉर्नेलच्या गिल्बर्ट बॉटविन यांनी नकारासोबत निर्णय घेणं, घबराट सांभाळणं, अनोळखी माणसाशी बोलणं असं सगळं एकत्र शिकवलं, खरे आकडेसुद्धा. न्यूयॉर्क राज्यातल्या ५६ शाळा, सातवीत १५ तास, आठवीत १०, नववीत ५. १९९५ मध्ये बारावीअखेरचे निकाल आले आणि बारावीपर्यंत परिणाम टिकलेला दिसला. पण डेनिस गॉर्मन या संशोधकाने एक काटा काढला : सगळ्यात भारी आकडे त्या मुलांचे होते ज्यांना निदान ६० टक्के अभ्यासक्रम पुरा शिकवला गेला होता. पॅच नीट बसलेले सर्व्हर तेवढे मोजायचे आणि पॅच चालतो म्हणायचं, असा तो आक्षेप. आक्षेपात दम आहे. तरी, वाचलेल्यांपैकी माझ्या मते टिकाऊ ठरलेला हाच.

आणि डेअर? ते संपलं असं वाटत असेल तर नाही. २००१ मध्ये त्यांनी नवा अभ्यासक्रम आणला. अॅक्रन विद्यापीठाच्या झिली स्लोबोडा यांनी तो ८३ शाळासमूहांतल्या जवळपास २०,००० मुलांवर तपासला. २००९ मध्ये निकाल : सुरुवातीला दारू-सिगारेटला हात न लावलेल्या मुलांमध्ये पुढे त्यांचं प्रमाण जास्त निघालं. त्याच वर्षी डेअरने तो अभ्यासक्रम सोडला आणि मायकेल हेक्ट व फ्लाव्हिओ मार्सिलिया यांचा ‘कीपिन इट रिअल’ घेतला. हा फिनिक्समधल्या ३५ शाळांत घडला होता आणि त्यातले प्रसंग मुलांनी स्वतः सांगितलेले होते. नकाराच्या चार वाटा : नाही म्हण, कारण सांग, टाळ, निघून जा. सातवीत त्याचे निकाल चांगले होते. डेअरने मात्र प्राथमिक शाळेसाठीही त्याची आवृत्ती काढली, आणि तिच्यासाठी तसा पुरावा नाही, असा आक्षेप २०१७ मध्ये दोन संशोधकांनी छापला. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. निकाल वाईट आल्यावर आपलाच अभ्यासक्रम टाकून देणं सोपं नसतं.

आता थोडं आपल्याकडे येऊ. ओढूनताणून नाही, धागा खरा आहे. स्टॅनफर्डच्या त्या दादा-ताई प्रयोगातल्या शेरिल पेरी पुढे भारतात आल्या. श्रीनाथ रेड्डी, मोनिका अरोरा आणि ‘हृदय’ या दिल्लीच्या संस्थेसोबत त्यांनी २००४ ते २००६ मध्ये ‘मैत्री’ नावाचा प्रयोग केला, दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत, सहावी ते नववीच्या मुलांवर, तंबाखूविरुद्ध. सुरुवातीच्या पाहणीनेच हबकायला झालं. तंबाखू कधीतरी वापरलेली मुलं सहावीत २४.८ टक्के आणि आठवीत ९.३ टक्के. म्हणजे लहान मुलं पुढे! पिढीच बदलत होती. मग वर्गातल्याच मुलांनी चालवलेले तास, भिंतींवर पोस्टर, पालकांना पोस्टकार्डं, आणि मुलांनीच केलेली मोहीम असं दोन वर्षं चाललं. काही न केलेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला. ‘मैत्री’च्या शाळांत १७ टक्क्यांनी कमी झाला.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असं २००३ चा केंद्राचा कायदा सांगतो. कायदा हवाच. पण यार्ड मोजायला टेप घेऊन रोज कोण जाणार? शेवटी पोराच्या डोक्यात काय आहे यावर बरंच येऊन ठरतं. आणि तिथे आपण काय घालतो? ‘तरुण पिढी व्यसनाच्या विळख्यात’ असे मथळे, कवटीची चित्रं, मैदानातली शपथ. हेतू शंभर टक्के चांगला. पोराला मिळालेली माहिती मात्र एकच : सगळे घेतात.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी तंबाखू वापरणारे होते ८.५ टक्के. आकडा लहान नाही. देशभरच्या मुलांना गुणलं तर भयंकर आहे. शिवाय त्यात तपकीर-गुटखा-खैनीवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी वयाची दहा वर्षं पुरी व्हायच्या आत सुरुवात केली होती, म्हणजे सातवीत तास घेणं काहींच्या बाबतीत उशिराचंच. पण हाच आकडा वर्गात उलटा करून सांगता येतो : शंभरातले ९१ जण वापरत नाहीत. खोटं काही नाही, लपवाछपवी नाही, घाबरवणं नाही. ज्या शाळेत आकडा मोठा असेल तिथे तोही खराच सांगावा; दिल्ली-चेन्नईच्या त्या सहावीतसुद्धा चारातल्या तिघांनी तंबाखूला कधीच हात लावलेला नव्हता.

तुमच्या ओळखीत कोणी शिक्षक असेल, घरात कोणी बहीण-वहिनी शाळेत शिकवत असेल, तर एवढंच सुचवा. शपथ द्यायच्या आधी वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या. नाव लिहायचं नाही. एका बाजूला लिहायचं, या वर्गातले किती जण तंबाखू खात किंवा ओढत असतील असं वाटतं. दुसऱ्या बाजूला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’, स्वतःबद्दल. बेरीज फळ्यावर मुलांनीच करायची. ‘नाही’ कसं म्हणायचं याचा सराव दुसऱ्या दिवशी घेतला तरी चालेल.

असो. बरंच लांबलं. भेटू पुढच्या शनिवारी.